तिशीतले मुरूम आणि मेडिकलमधली ट्यूब

पैठणहून एका भगिनीचे पत्र आले आहे. वय 32, दोन मुले, घरी शिलाईकाम. लग्नाआधी कधी मुरूम नव्हते. आता हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने दुखऱ्या गाठी येतात, पाळी जवळ आली की वाढतात. शेजारणी म्हणतात, पोटात उष्णता आहे. सासूबाईंनी तर नजर काढून पाहिली. शेवटी मेडिकलमधून एक ट्यूब आणली. चार दिवसांत चेहरा साफ झाला, म्हणून वर्षभर लावली. आता उन्हात गेले की चेहरा भाजल्यासारखा होतो आणि ट्यूब बंद केली की मुरूम दुप्पट येतात.

ताई, आधी त्या ट्यूबविषयी. तिच्यावरची बारीक अक्षरे मुलाकडून वाचून घ्या. बीटामेथॅसोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव असेल तर ते स्टेरॉईड आहे. गोरे होण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही मलमांतही हेच असते. स्टेरॉईडने सूज आणि लाली झटकन बसते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पण महिनोन् महिने लावले की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालावर लव वाढते आणि स्टेरॉईडचेच बारीक मुरूम चेहराभर उठतात. सोडल्यावर काही आठवडे चेहरा भडकतो. त्या भडक्याला घाबरून माणूस पुन्हा तीच ट्यूब आणतो, आणि दुकानदाराचा धंदा चालू राहतो! 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टेरॉईड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही गावोगावी ती मागितली की मिळतात. ज्यांच्याकडे डॉक्टरची फी द्यायला पैसे नसतात, त्यांच्याच चेहऱ्यावर हा प्रयोग होतो.

आता मुरूम मुळात का येतात ते पाहू. कातडीत केसाच्या मुळाशी तेलाच्या ग्रंथी असतात. शरीरातल्या संप्रेरकांमुळे तेल जास्त सुटते, छिद्राचे तोंड मृत कातडीने बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. हे वयात येतानाच होते असे नाही. पंचविशीनंतरही होते, आणि बायकांत जास्त. यात नजरेचा संबंध नाही, अस्वच्छतेचाही नाही. तिखटाला उगाच दोष देऊ नये. फार गोड खाण्याने मात्र काहींचे मुरूम वाढतात. पाळी दोन-दोन महिने चुकत असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर अंडाशयाची तपासणी करून घ्यावी. मग नुसत्या मलमाने भागत नाही.

पुरुषांनीही ऐकावे. वाळूज, चिकलठाणा किंवा पैठणच्या एमआयडीसीत लेथवर उभे राहणाऱ्यांच्या हातांवर आणि मांड्यांवर पुटकुळ्या येतात, त्या पुष्कळदा मशीनच्या तेलाने. तेलाने भिजलेली पॅन्ट रोज बदलावी, धुवावी. जिममध्ये कुणी 'ताकदीचे' इंजेक्शन देत असेल, तर पाठभर मुरूम येण्याचे तेही एक कारण.

उपचार आहेत, पण ते सावकाश गुण देतात. डॉक्टर सहसा बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा रात्री लावायचे अ‍ॅडापेलिन देतात. वाटाण्याएवढे मलम पूर्ण चेहऱ्यावर पातळ लावायचे, नुसत्या फोडावर नव्हे. सुरुवातीला कातडी कोरडी पडते, थोडी सोलते. म्हणून औषध फेकू नये. फरक दिसायला 8 ते 12 आठवडे लागतात. बेंझॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो, तेव्हा उशीला जुना पांढरा अभ्रा घाला. शिवणाच्या कापडाला किंवा मागावरच्या पैठणीला हात लावण्याआधी ते स्वच्छ धुवा. गरोदरपणात अ‍ॅडापेलिन लावू नये. जुनाट, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात. त्या चालू असताना आणि बंद केल्यावर महिनाभर दिवस राहता कामा नयेत, बाळात गंभीर व्यंग येते.

घरी एवढेच करा : सौम्य साबणाने दोनदा तोंड धुवा, घासू नका. लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट चेहऱ्याला लावू नका. केसांचे तेल कपाळावर उतरू देऊ नका. फोड पिळू नका. आपल्या सावळ्या कातडीवर त्याचे काळे डाग महिनोन् महिने राहतात. बाहेर जाताना पदर किंवा छत्री असू द्या.

छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. सकाळी लवकर पोहोचून केसपेपर काढावा. जाताना ती ट्यूब, रिकामी असली तरी, पिशवीत टाका आणि किती महिने लावली ते लाज न बाळगता सांगा. पाळीची तारीख आणि तिसऱ्या मुलाचा विचार आहे की नाही, हेही डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगितलेले बरे.