पाटी तीच, मालक निराळा : बंगळुरूतील किराणा साखळ्यांचा हस्तांतरणाचा प्रवास

बंगळुरू : या शहरातील ‘मोअर’ची काही दुकाने मुळात ‘मोअर’ची नव्हती. दोन दशकांपूर्वी त्यांवर ‘फॅबमॉल’ अशी पाटी होती. ती पाटी गेली, नंतर नव्या पाटीमागचा मालकही बदलला. भाजी, डाळ आणि साबण मात्र पूर्वीसारखेच विकले जात राहिले. देशातील संघटित किराणा व्यापार कसा वाढला आणि त्याची मालकी कोणत्या वाटांनी फिरली, हे समजून घ्यायचे तर बंगळुरूइतके सोयीचे दुसरे शहर क्वचितच सापडेल.

‘फॅबमॉल’ची स्थापना १९९९ मध्ये सहा उद्योजकांनी बंगळुरूत केली. इंटरनेटवरून वस्तू विकणाऱ्या पहिल्या भारतीय कंपन्यांपैकी ती एक होती. संगीताच्या सीडी आणि पुस्तके यांपासून सुरुवात झाली. पुढे किराणा आला. परंतु त्या काळी घरोघरी इंटरनेट नव्हते आणि संगणकावर कार्डाचा क्रमांक देण्याची लोकांना धास्ती वाटत असे. तेव्हा कंपनीने चक्क रस्त्यावर दुकाने थाटली. हैदराबादच्या ‘त्रिनेत्र’ साखळीशी तिची मोट बांधली गेली आणि दक्षिणेतील चार राज्यांत सुमारे १७० दुकानांचा पसारा उभा राहिला. डिसेंबर २००६ ते जानेवारी २००७ या काळात आदित्य बिर्ला समूहाने हा पसारा विकत घेतला.

बिर्लांनी स्वतःच्या नावाचे पहिले ‘मोअर’ दुकान मे २००७ मध्ये पुण्यात उघडले. रिलायन्स, फ्यूचर, आरपीजी असे सगळेच बडे समूह तेव्हा किराण्यात उतरले होते. मध्यमवर्ग वाढतो आहे, म्हणजे तो आता वाण्याकडे न जाता वातानुकूलित दुकानात जाईल, हे त्या काळाचे गृहीतक होते. ते अर्धेच खरे ठरले. ग्राहक दुकानात आला, पण महिन्याचा मोठा बाजार करण्यासाठी; रोजचे दूध, कोथिंबीर आणि उधारीची वही कोपऱ्यावरच्या दुकानातच राहिली. किराण्यात नफ्याचा वाटा आधीच तुटपुंजा. त्यात महानगरातील भाडे, विजेचा खर्च आणि नासणारा भाजीपाला. ‘मोअर’चा तोटा आणि कर्ज वर्षागणिक साचत गेले. २०१८ मध्ये, पाचशेहून अधिक सुपरमार्केट आणि २० हायपरमार्केट हाती असताना, बिर्ला समूहाने या व्यवसायातून अंग काढून घेतले.

खरेदीदाराचे नाव होते ‘विट्झिग ॲडव्हायझरी सर्व्हिसेस’. किराण्याशी या नावाचा कुणी संबंध जोडला नसता. विट्झिगमध्ये ५१ टक्के वाटा ‘समारा कॅपिटल’च्या गुंतवणूक निधीचा आणि ४९ टक्के ॲमेझॉनचा. ही आकडेवारी योगायोगाची नाही, आणि संपूर्ण गोष्टीचा गाभा येथेच आहे.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१२ मध्ये अनेक ब्रँडच्या किरकोळ व्यापारात ५१ टक्क्यांपर्यंत परकीय गुंतवणुकीला दार उघडले, पण उंबरठा उंच ठेवला. किमान १० कोटी डॉलरची गुंतवणूक, त्यातील निम्मी शीतगृहे, वाहतूक यांसारख्या पायाभूत सोयींत, ठरावीक खरेदी लहान उद्योगांकडून आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संबंधित राज्याची संमती. महाराष्ट्राने ती दिली. कर्नाटकानेही पुढे २०१३ मधील सत्तांतरानंतर दिली. या दाराने रीतसर आत आलेली मोठी विदेशी साखळी एकच, ब्रिटनची टेस्को. तिने २०१४ मध्ये टाटा समूहाच्या ‘ट्रेंट हायपरमार्केट’मध्ये निम्मा वाटा घेतला आणि ‘स्टार बझार’ची दुकाने महाराष्ट्र व कर्नाटकात चालवण्याचे ठरवले. (गमतीचा भाग असा की टेस्कोचे मोठे तंत्रज्ञान केंद्र त्याच्या कितीतरी आधीपासून बंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात आहे. ब्रिटनमधील दुकानांच्या हिशेबाचे काम येथे करण्यास कुणाची हरकत नव्हती. येथे दुकान थाटण्यास होती.)

इतरांनी दुसरी वाट शोधली. परकीय चलनविषयक नियमांनुसार एखादी कंपनी भारतीय मालकीची आणि भारतीय नियंत्रणाखालची असेल, तर तिने पुढे केलेली गुंतवणूक परकीय धरली जात नाही. गुंतवणूक निधीच्या बाबतीत तर निधीचा प्रवर्तक आणि व्यवस्थापक भारतीय असणे पुरेसे ठरते. निधीत पैसा कोणत्या देशातून आला, हे त्या कसोटीत मोजले जात नाही. म्हणून ५१ आणि ४९. कायद्याच्या दृष्टीने ‘मोअर’ ही भारतीय कंपनी राहिली आणि ॲमेझॉनला देशभरच्या किराणा दुकानांत जवळजवळ निम्मा आर्थिक वाटा मिळाला. नियम मोडला गेला असे येथे म्हणता येत नाही. नियमाला ठाऊक असलेला ‘मालक’ आणि व्यवहारातला मालक यांत अंतर पडले, एवढे मात्र म्हणावे लागते.

‘फॅबमॉल’च्या संस्थापकांची कथा येथे संपली नाही. दुकाने विकल्यानंतर काही वर्षांनी, २०११ च्या अखेरीस, हरी मेनन, व्ही. एस. सुधाकर, विपुल पारेख आदींनी बंगळुरूतच ‘बिगबास्केट’ सुरू केले. एकदा अपुरे राहिलेले काम नव्या काळात पुन्हा हाती घेतले, असेच त्याचे वर्णन करावे लागेल. स्मार्टफोन आले होते आणि दारात रोख पैसे देण्याची सोयही रुळू लागली होती. भांडवल प्रामुख्याने परकीय होते. त्यामुळे रचना दुहेरी करावी लागली. ‘सुपरमार्केट ग्रोसरी सप्लाइज’ ही परकीय गुंतवणूक घेणारी घाऊक कंपनी, आणि ग्राहकाला प्रत्यक्ष माल विकणारी ‘इनोव्हेटिव्ह रिटेल कन्सेप्ट्स’ ही वेगळी. ॲपवर नाव एक, गोदामातून निघणारी पिशवी एक; कागदावर मात्र कंपन्या दोन.

२०१८ मध्ये चीनच्या अलिबाबाच्या पुढाकाराने बिगबास्केटमध्ये ३० कोटी डॉलर आले. दोनच वर्षांत वारे फिरले. १७ एप्रिल २०२० रोजी केंद्राने भूसीमा लागून असलेल्या देशांतील गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी सक्तीची केली. त्यानंतर काही आठवड्यांतच गलवानची चकमक झाली. टाळेबंदीत बिगबास्केटची मागणी अभूतपूर्व वाढत असताना तिच्या एका प्रमुख भागधारकाकडून नवा पैसा येण्याचा मार्ग आक्रसला होता. मे २०२१ मध्ये ‘टाटा डिजिटल’ने बहुमताचा हिस्सा घेतला. स्पर्धा आयोगाने दिलेली मंजुरी घाऊक कंपनीतील ६४.३ टक्क्यांपर्यंतच्या वाट्यासाठी होती, आणि त्या कंपनीने पुढे किरकोळ विक्री करणारी कंपनी ताब्यात घेण्याचाही तीत अंतर्भाव होता. मालकी भारतीय हातांत आल्यावर दोन कंपन्यांची कसरत अनावश्यक ठरली. एकाच संस्थापक मंडळींनी उभारलेले दोन व्यवसाय असे देशातील दोन सर्वांत जुन्या उद्योग घराण्यांकडे गेले. बिर्लांनी त्यातला एक सोडला, टाटांनी दुसरा धरला.

शहरातील आणखी दोन नावांचा प्रवासही याच दिशेचा. १९०५ मध्ये निलगिरीच्या डोंगरांत दुग्धव्यवसाय म्हणून सुरू झालेले आणि १९३६ पासून ब्रिगेड रोडवर असलेले ‘नीलगिरीज’ २००६ मध्ये ‘ॲक्टिस’ या खासगी गुंतवणूक संस्थेकडे आणि २०१४ मध्ये फ्यूचर समूहाकडे गेले. जर्मनीच्या ‘मेट्रो’ने भारतातील पहिले घाऊक केंद्र २००३ मध्ये बंगळुरूत उघडले. किराणा दुकानदारांना माल पुरवणारी ही साखळी २१ शहरांत ३१ केंद्रांपर्यंत पोहोचली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये २,८५० कोटी रुपयांना रिलायन्सने ती घेण्याचे जाहीर केले. वाण्याचा पुरवठादार आणि त्याचा सर्वांत मोठा प्रतिस्पर्धी आता एकच आहे, याची चर्चा व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

मालकीच्या या उलाढालीची किंमत कोण मोजतो, याचे उत्तर फ्यूचर समूहाच्या पतनात मिळते. ऑगस्ट २०१९ मध्ये ॲमेझॉनने ‘फ्यूचर कूपन्स’मध्ये ४९ टक्के वाटा घेतला, या कंपनीकडे ‘बिग बझार’ चालवणाऱ्या ‘फ्यूचर रिटेल’चे सुमारे १० टक्के समभाग होते. वर्षभरात, टाळेबंदीने कंबरडे मोडलेल्या फ्यूचरने आपला किरकोळ व्यवसाय २४,७१३ कोटी रुपयांना रिलायन्सला विकण्याचे जाहीर केले. ॲमेझॉनने करारभंगाचा दावा केला. सिंगापूरच्या लवादापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई गेली. स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये २०१९ च्या व्यवहाराची मंजुरीच स्थगित करून ॲमेझॉनला दंड ठोठावला. निकाल लागेपर्यंत विकायचे तेच उरले नाही. भाडेकरार आपल्या नावे झालेल्या रिलायन्सने फेब्रुवारी २०२२ पासून दुकानांचा ताबा घेतला, एप्रिलमध्ये तारण असलेल्या बँकांनी विक्रीचा प्रस्ताव फेटाळला आणि जुलैमध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. पुढे ती अवसायनातच निघाली.

दोन बलाढ्य खरेदीदारांच्या या भांडणात माल उधारीवर देणारे पुरवठादार कुठे होते? दिवाळखोरी संहितेत ते ‘परिचालन धनको’ ठरतात. कंपनीचे काय करायचे हे ठरवणाऱ्या समितीत मत असते बँकांसारख्या वित्तीय धनकोंना. मसाले, लोणची, कापडी पिशव्या पुरवणाऱ्याला नसते. मालमत्ता विकून पैसा आला तरी प्रक्रियेचा खर्च, कामगारांची ठरावीक देणी, तारणधारक बँका आणि सरकारी देणी यांच्या मागे त्याचा क्रमांक लागतो. नोंदणीकृत सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे ४५ दिवसांत चुकते करण्याचे बंधन २००६ पासून कायद्यात आहे, आणि तसे न केल्यास तो खर्च प्राप्तिकरात वजा न देण्याची तरतूदही अलीकडे आली. परंतु कंपनीच बुडाल्यावर हे बंधन कागदावर राहते.

शेतकऱ्याचे गणित थोडे वेगळे. कोलार, चिक्कबळ्ळापूर भागात साखळ्यांची संकलन केंद्रे आहेत, तशी आपल्याकडे नाशिक-नारायणगाव पट्ट्यातही खरेदी होते. तेथे अडत वाचते, वजन चोख होते, पैसे बहुधा थेट खात्यात जमा होतात. या गोष्टी नाकारण्यासारख्या नाहीत. पण कंपनी घेते ती प्रतवारी केलेला माल, तोही तिला हवा तेवढाच. उरलेले टोमॅटो पुन्हा बाजार समितीतच जातात. सहसा खरेदीचा पक्का करार नसतो, त्यामुळे मालकाने धोरण बदलले आणि केंद्र बंद केले तर दाद मागण्यास जागा नाही. दुकान विकले जाते तेव्हा भाडेकरार, नाममुद्रा, ग्राहकांची माहिती यांचे मोल होते. वर्षानुवर्षे त्याच केंद्रावर माल घालणाऱ्या शेतकऱ्याच्या संबंधाला ताळेबंदात रकाना नाही.

मालक न बदलताही साखळी वाढू शकते, याचे उदाहरण मराठी वाचकांच्या परिचयाचे आहे. ‘डीमार्ट’चे पहिले दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला उघडले. शक्यतो जागा भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीची घ्यायची, पुरवठादाराचे पैसे लवकर द्यायचे आणि त्या बदल्यात भाव कमी करून घ्यायचा, ही राधाकिशन दमाणी यांची पद्धत. मार्च २०१७ मध्ये भांडवली बाजारात नोंदणी झाली तेव्हा दुकाने १३१ होती. मार्च २०२५ अखेर ४१५. सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा आजही प्रवर्तकांकडे आहे. ही वाढ संथ होती आणि ती संथ ठेवण्याची मुभा दमाणींना होती, कारण त्यांच्यामागे बाहेर पडण्याची तारीख ठरवून आलेला गुंतवणूकदार नव्हता. खासगी गुंतवणूक निधी पाच-सात वर्षांनी विकून निघण्यासाठीच येतो. किराण्यात तेवढ्या अवधीत नफा दिसू लागेलच असे नाही.

आता लढाई दुकानांतून दहा मिनिटांच्या पुरवठ्याकडे सरकली आहे, आणि तिचेही एक केंद्र बंगळुरू हेच आहे. स्विगी मूळची येथलीच. मुंबईत जन्मलेल्या ‘झेप्टो’नेही मुख्यालय येथे हलवले. मालकीचा जुना प्रश्न मात्र नव्या रूपात उभा राहिला. परकीय भांडवल असलेले ऑनलाइन मंच स्वतःचा मालसाठा ठेवून विकू शकत नाहीत, ते केवळ बाजारपेठ म्हणून काम करू शकतात. मे २०२५ मध्ये ‘ब्लिंकिट’ची मालक कंपनी ‘इटर्नल’ने भागधारकांच्या संमतीने परकीय हिस्सेदारीवर ४९.५ टक्क्यांची मर्यादा घालून घेतली. उद्देश उघड होता : भारतीय मालकीची कंपनी ठरावे आणि माल स्वतः विकत घेऊन विकता यावा. ‘मोअर’च्या वेळी जे एका अनोळखी नावाच्या कंपनीआडून साधले, ते येथे सूचिबद्ध कंपनीने खुल्या ठरावाने केले. पारदर्शकतेच्या दृष्टीने हे निश्चितच बरे.

मात्र त्याचा परिणाम पुरवठ्याच्या साखळीवर होणार आहे. मंचावर विक्रेते म्हणून नोंदलेल्या मध्यस्थ कंपन्यांची जागा आता मंच स्वतः घेईल. लहान उत्पादकाचा व्यवहार थेट त्याच्याशी होईल, आणि उधारीच्या मुदतीही तोच ठरवेल. अशा खरेदीदाराची मालकी बदलत असेल तर पुरवठादारांची थकीत देणी आधी चुकती करण्याची अट मंजुरीतच घालता येईल का, हा प्रश्न धोरणकर्त्यांपुढे अजून ठळकपणे आलेला नाही. स्पर्धा आयोग व्यवहार तपासतो तो बाजारातील स्पर्धेवर काय परिणाम होईल या अंगाने; देण्यांची विचारपूस त्याच्या कार्यकक्षेत येत नाही. रिझर्व्ह बँक परकीय चलनाचे नियम पाहते आणि कंपनी व्यवहार मंत्रालय हिशेब. पुरवठादाराच्या बिलाचा प्रश्न या तिन्ही कार्यालयांच्या मधल्या जागेत पडून आहे.