समुद्राची वीज, भूगर्भाची ऊब आणि परभणी

परभणी जिल्ह्यापासून अरबी समुद्र सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे, आणि जिल्ह्याच्या नकाशावर नाव घेण्याजोगा उन्हाळ्याचा झरा नाही. तेव्हा लाटा, भरती-ओहोटी आणि भूगर्भातील उष्णता यांपासून होणाऱ्या विजेची चर्चा परभणीत कोणी कशासाठी करावी, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर माघातल्या रात्री हातात बॅटरी घेऊन हरभऱ्याला पाणी द्यायला निघालेल्या शेतकऱ्याकडे आहे. कृषिपंपांना आळीपाळीने दिवसा व रात्री वीज देण्याच्या पद्धतीने विंचूकाट्याचे भय त्याच्या वाट्याला आणून ठेवले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेने दिवसाच्या विजेची आशा दाखविली, आणि परभणीच्या उन्हाकडे पाहता ती आशा निराधार नाही. परंतु सूर्य मावळल्यानंतरही गावाला, दवाखान्याला आणि कारखान्याला वीज लागतेच. रात्रीची वीज कोठून आणायची, हा प्रश्न सौरफलकांनी सुटत नाही.

आजवर त्याचे उत्तर कोळसा हे होते. परभणीच्या शेजारीच परळीचे औष्णिक केंद्र आहे. या केंद्राची धग कोळशावर जेवढी, तेवढीच पाण्यावरही अवलंबून असते, हे मराठवाड्याने स्वानुभवाने ओळखले आहे. २०१३ च्या दुष्काळात अकराशे मेगावॅटहून अधिक क्षमतेचे हे केंद्र केवळ पाण्याअभावी पूर्णपणे बंद ठेवावे लागले, आणि २०१५ मध्ये तीच पाळी पुन्हा आली. कोळसा होता, यंत्रे होती, माणसे होती. नव्हते ते पाणी. जिंतूर तालुक्यातील येलदरी धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. परंतु पूर्णेला पाणी नसेल तर तेही मुके होते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? म्हणूनच, पावसावर आणि सूर्यावर विसंबून नसलेली वीज हा विषय समुद्रकाठच्या जिल्ह्यांपेक्षा मराठवाड्याच्या जिव्हाळ्याचा अधिक आहे.

तथापि जिव्हाळा म्हणजे भाबडेपणा नव्हे. प्रथम समुद्राचा हिशेब पाहू जाता असे दिसते की, भरतीच्या विजेचे तंत्र नवे नाही. फ्रान्समधील रान्स नदीच्या मुखावर २४० मेगावॅटचे केंद्र १९६६ पासून चालू आहे, आणि दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सिहवा येथे २५४ मेगावॅटचे केंद्र उभारले. भारतात भरतीपासून साडेबारा हजार मेगावॅटच्या आसपास वीज शक्य असल्याचे अंदाज आहेत. पण त्यातील सिंहाचा वाटा खंबायतच्या आखाताचा. सुंदरबनातील दुर्गादुआनीचा पावणेचार मेगावॅटचा लहानसा प्रकल्पदेखील खर्चापायी सोडून द्यावा लागला. कोकण किनाऱ्यावरील भरती खंबायतच्या तुलनेने बरीच ठेंगणी आहे. लाटांपासून वीज घेण्याचा प्रयोग मद्रासच्या आयआयटीने केरळात विळिंजम येथे १९९१ मध्ये केला. तो १५० किलोवॅटचा होता आणि प्रयोगच राहिला.

राहता राहिली ती समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार व तळाकडील थंड पाण्याच्या तापमानातील फरकापासून मिळणारी वीज. वरचे पाणी २८ अंशांचे आणि हजार मीटर खोलीवरचे ८ अंशांचे धरले, तरी निसर्गनियमानुसार त्या उष्णतेपैकी जेमतेम सात टक्क्यांचेच कार्यात रूपांतर होऊ शकते. प्रत्यक्षात हाती पडते ते त्याहून पुष्कळ कमी. शिवाय हजार मीटर खोल पाणी कोकणच्या किनाऱ्याजवळ नाही, त्यासाठी कित्येक किलोमीटर आत जावे लागते. हे तंत्र शोभते ते लक्षद्वीपसारख्या बेटांना. तेथे कवरत्ती बेटावर २००५ पासून याच तापमान-फरकाच्या आधारे दररोज सुमारे एक लाख लिटर खारे पाणी गोडे केले जाते. जेथे निसर्ग अनुकूल आहे, तेथे साधे तंत्रही उपयोगी पडते. जेथे नाही, तेथे घोषणा उपयोगी पडत नाही.

आता भूगर्भाकडे वळावे. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, हे परभणीच्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. वस्तुतः पाणी तेवढेच असते, बदलतो तो वरचा ऋतू. काही मीटर खाली ऋतूंचे राज्य संपते, आणि त्याहून खोल गेल्यास पृथ्वीच्या स्वतःच्या उष्णतेचे राज्य सुरू होते. जगाच्या सरासरीने दर किलोमीटरला तापमान २५ ते ३० अंशांनी वाढते. जेथे ज्वालामुखी जागे आहेत वा कवच पातळ आहे, तेथे ही उष्णता वरच येऊन ठेपते. इटलीत लार्देरेल्लो येथे १९०४ मध्ये भूगर्भातील वाफेवर पाच दिवे लागले. आज केनियासारखा विकसनशील देश आपल्या विजेचा फार मोठा हिस्सा याच मार्गाने मिळवतो, आणि ती वीज रात्रंदिवस मिळते.

भारताची कहाणी मात्र अडखळती आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशात तीनशेहून अधिक उष्ण झरे नोंदले आहेत, आणि दहा हजार मेगावॅट विजेचा अंदाज वारंवार सांगितला जातो. पण अंदाज म्हणजे वीज नव्हे. लडाखमधील पुगा खोऱ्यात एक मेगावॅटच्या प्रायोगिक प्रकल्पाचा करार २०२१ मध्ये झाला. २०२२ मध्ये खोदाईतून निघालेले द्रव तेथील ओढ्यात मिसळल्याने काळजी व्यक्त झाली. गोदावरीच्याच खोऱ्यात, तेलंगणातील मणुगुरू येथे, कोळशाच्या शोधासाठी पाडलेल्या विवरातून उष्ण पाणी वर आले आणि त्यावर २० किलोवॅटचा संच बसविण्यात आला. २० किलोवॅट म्हणजे पाच अश्वशक्तीचे पाच पंप. यश लहान आहे, पण ते कागदावरचे नाही.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर हसत सांगतात. जर्मनीत जागा ज्वालामुखी नाही. तरीही म्यूनिकजवळ तीन किलोमीटरहून खोल थरांतील शंभर अंशांपलीकडचे पाणी वर काढून घरे उबदार ठेवली जातात. परंतु तेथे पाणी धरून ठेवणारे सच्छिद्र चुनखडक आहेत. परभणीखाली आहे तो दख्खनचा काळा पाषाण. कोयनेत भूकंपाच्या संशोधनासाठी तीन किलोमीटर खोल विवर पाडले, तेव्हा सुमारे साडेबाराशे मीटर काळ्या पाषाणानंतर ग्रॅनाइट लागला. हा पाया प्राचीन व तुलनेने थंड आहे. म्हण सारखी असली, तरी खडक सारखा नाही.

मग हा विषय बंद करावा काय? तसे नव्हे. २०२५ मध्ये केंद्र सरकारने भूऔष्णिक ऊर्जेचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले आहे. त्याचा पहिला पैसा यंत्रांवर नव्हे, मोजणीवर खर्च व्हावा. मराठवाड्यात तहान भागविण्यासाठी असंख्य विंधनविहिरी पाडल्या गेल्या. त्यांतील कित्येक कोरड्या पडून आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा पाण्याची पातळी मोजतेच. निवडक खोल विवरांत तापमापक सोडून खोलीगणिक तापमान नोंदविण्यास फार मोठा खर्च येणार नाही. परभणीच्या कृषी विद्यापीठातील व महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना हे काम सहज जमण्यासारखे आहे. या नोंदी जाहीर झाल्या, तर जिल्ह्याखाली काय आहे याचे उत्तर भाषणांतून शोधावे लागणार नाही.

दुसरे असे की, उष्णतेचा उपयोग विजेपुरताच नसतो. नांदेड जिल्ह्यात किनवट तालुक्यातील उनकेश्वरापासून कोकणातील वज्रेश्वरी-राजापूरपर्यंत राज्यात जे झरे आहेत, त्यांच्या पाण्यावर मोठी केंद्रे चालणार नाहीत. परंतु वाळवणासाठी मध्यम उष्णता पुरते. श्रद्धेचे व औषधी स्नानाचे स्थान म्हणून त्यांची असलेली शुचिता सांभाळून, परिसरात असे प्रयोग शक्य आहेत काय, हे तपासून पाहावे.

हिशेब मांडल्यावर जे उरते ते कोणाला निराशाजनक वाटेल. परभणीच्या शेतावर उद्याची वीज उन्हातूनच येणार. रात्रीची वीज साठवणुकीतून आणि दूरच्या केंद्रांतून येणार. समुद्र आणि भूगर्भ हे परवाचे भागीदार आहेत, आणि त्यांच्या नावावर आजचे सौरपंपाचे काम लांबणीवर टाकणे हा शेतकऱ्यावर अन्याय ठरेल. पण परवाच्या विजेसाठी मोजणी आजच करावी लागते. न मोजता दिलेल्या आश्वासनावर पंप चालत नाही, आणि न मोजता दिलेल्या नकारावरही विश्वास ठेवता येत नाही.