देशत्यागाचा त्रागा

"ह्या देशात आता राहण्यात अर्थ नाही," हे वाक्य हल्ली आमच्याकडील सुशिक्षित घरांतून चहाइतकेच नित्याचे झाले आहे. गोंदियाच्या एखाद्या दिवाणखान्यात चार वकील, डॉक्टर, प्राध्यापक जमतात, कोणत्या पुढाऱ्याने काल कोणत्या पक्षात प्रवेश केला ह्याची उजळणी होते, रस्त्यांतील खड्ड्यांचे यथासांग वर्णन होते, आणि शेवटी यजमान समाधानाने सांगतात, "आमचा मुलगा तर सुटला बुवा!" सुटला म्हणजे कोठे गेला, हे विचारावे लागत नाही. तो टोरांटोस असतो, नाहीतर मेलबर्नला. तुरुंगातून बाहेर पडलेल्या माणसासाठी जे क्रियापद राखून ठेवावे, ते जन्मभूमीच्या बाबतीत वापरताना कोणाची जीभ अडखळत नाही. आणि ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यावर खेद नव्हे, तर हेवा उमटतो. ह्या सुटकेच्या तत्त्वज्ञानाचा आज आम्हांस थोडा समाचार घ्यावयाचा आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करून टाकू. पुढाऱ्यांविषयीचा संताप खोटा नाही. भंडारा-गोंदिया मतदारसंघाने २०१४ साली ज्यांना लोकसभेत पाठविले, त्यांनी २०१७च्या डिसेंबरात राजीनामा दिला आणि ते दुसऱ्या पक्षात गेले. मग २०१८च्या मे महिन्यात, वैदर्भीय उन्हाच्या भर तडाख्यात, येथील लोकांनी पुन्हा रांगा लावल्या. यंत्रे बिघडली म्हणून ४९ केंद्रांवर फेरमतदानही केले. पुढे सबंध राज्यातच २०२२ साली एक पक्ष फुटला, २०२३ साली दुसरा फुटला. आपण निवडून दिलेला गृहस्थ आज कोणत्या बाकावर बसला आहे, हे पाहण्यासाठी मतदाराला रोज सकाळी वर्तमानपत्र उघडावे लागले. नगरपालिकांची कथा आणखी वेगळी. राज्यातील बहुतेक शहरांचा कारभार मुदत संपल्यावर वर्षानुवर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. २०२५च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बजाविले, तेव्हा कोठे डिसेंबरात नगरपालिकांचे मतदान सुरू झाले. आणि धानाचे काय? आधारभूत खरेदी केंद्रावर कधी बारदाना नाही, कधी गोदामात जागा नाही, आणि धान मोजून दिल्यावर चुकारे केव्हा मिळतील हे सांगणारा कोणी नाही. तेव्हा संतापू नका, असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, संताप आणि पलायन ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. आणि दुसरीवर पहिलीची चिठ्ठी चिकटवून ती मिरविणे हा अप्रामाणिकपणा आहे.

जाणाऱ्यांतही भेद आहेत. देवरी-सालेकशाकडील मजूर कापणी आटोपली की पोटासाठी नागपूर-हैदराबादकडे जातो. तो देशाला नावे ठेवीत जात नाही, आणि रोवणीच्या वेळी पुष्कळदा परत येतो. त्याच्या जाण्याविषयी बोलण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. दुसरे उदाहरण आमगावचे. आमगाव, रिसामा, बनगाव आदी आठ गावे एकत्र करून नगर परिषद करण्याचे ठरले. तो वाद न्यायालयात अडकला. ग्रामपंचायत गेली आणि लोकांनी निवडलेली नगर परिषद काही आली नाही. खेड्यांसाठी असलेल्या योजना गाव शहर झाले म्हणून मिळत नाहीत, आणि शहराचे तर नावच तेवढे मिळालेले! अशा स्थितीत अनेक वर्षे काढल्यावर २०२२च्या डिसेंबरात तेथील लोकांनी मागणी केली की, आम्हांस मध्य प्रदेशात घाला. सांगलीकडील जत तालुक्यातील गावेही त्याच सुमारास पाण्यासाठी कर्नाटकाचे नाव घेत होती.

दूरच्या कित्येकांना ह्यात महाराष्ट्रद्रोह दिसला असेल. आम्हांस तो दिसत नाही. १९५६च्या १ नोव्हेंबरपर्यंत हा सारा मुलूख मध्य प्रदेशातच होता. आमगावच्या म्हाताऱ्यांनी ती राजवट डोळ्यांनी पाहिली आहे, आणि लांजीच्या बाजारात जाण्यासाठी त्यांना पारपत्र लागत नाही. परंतु मुद्दा तो नव्हे. आमगावकर "आम्ही जातो" असे म्हणाले, तेव्हा ते आपली शेते, देवळे, शाळा आणि म्हातारीकोतारी माणसे ह्यांसह जाण्याची भाषा बोलत होते. कोणी एकटा सटकत नव्हता. ती सरकारच्या दारावर मारलेली थाप होती, आणि थाप मारणारा मनुष्य दारापाशीच उभा असतो. आमच्या दिवाणखान्यातील मंडळींचे जाणे ह्याच्या नेमके उलट आहे. तेथे दारावर थाप पडत नाही. मागील दाराने मुलगा विमानतळाकडे जातो आणि पुढील दाराने पुढारी वर्गणी मागावयास येतो. वर्गणी दिली जाते, हेही सांगितले पाहिजे.

ह्या जाण्याला निषेधाचे नाव देणारे लोक एक साधा हिशेब विसरतात. त्रागा हा आपल्याकडील जुना उपाय आहे. ऋणको ऐकत नसेल तर धनकोने त्याच्या दारात उपाशी बसावे, स्वतःस क्लेश करून घ्यावे, म्हणजे समोरच्यास लाज वाटून तो वठणीवर येईल, ही त्यामागील कल्पना. परंतु त्रागा लाजऱ्या माणसावर चालतो; निगरगट्टावर चालत नाही. २०२२ ह्या एका वर्षात २,२५,६२० भारतीयांनी आपले नागरिकत्व सोडले, आणि २०११पासून तोवरचा आकडा सोळा लाखांच्या वर गेला, असे सरकारनेच संसदेत सांगितले. हे सारे राजकारणास कंटाळून गेले असे आम्ही मुळीच समजत नाही. परंतु जे खरोखरच कंटाळून गेले असतील, त्यांच्या जाण्याने कोणता पुढारी एक रात्र तरी जागला? उलट, त्याच्या दृष्टीने ह्याहून सोयीचे ते काय? प्रश्न विचारणारा, अर्ज लिहिणारा, अंदाजपत्रक वाचू शकणारा माणूस आपण होऊन मतदारयादीतून नाव काढून घेतो! नागरिकत्व न सोडता परदेशी राहणाऱ्यास मताचा अधिकार आहे. पण तो बजावण्यासाठी जातीने केंद्रावर यावे लागते, आणि त्यासाठी मेलबर्नहून तिरोड्यास कोण येतो? चांगला तेवढा वर्ग निघून गेला की पुढारी आणि त्याचे आश्रित असे दोघेच गावात उरतात, आणि मग लोकशाही हे त्या दोघांतील घरगुती प्रकरण होऊन बसते.

बरे, जेथे जातात तेथील पुढारी काय ऋषी आहेत? २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेच्या अध्यक्षांनी एका घोषणेने कुशल नोकरदारांच्या नव्या परवान्यांसाठी एक लाख डॉलरांचे शुल्क लावले. ती बातमी आली त्या रात्री विदर्भातील किती घरांत झोप लागली नसेल! येथे नगरसेवक ऐकत नाही म्हणून देश सोडणाऱ्या मुलाला तेथे अध्यक्षास काही विचारण्याचा अधिकारही नाही, कारण तो तेथला मतदार नाही. येथे तो निदान पुढाऱ्याच्या तोंडावर त्याला चार शब्द सुनावू शकत होता. मालकाने घर गळते म्हणून सोडावे आणि दुसऱ्याच्या माडीवर भाडेकरू होऊन बसावे, ह्याला सुटका म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणा.

ह्यावर एक उत्तर येते आणि ते आम्ही हलके लेखीत नाही. "आयुष्य एकच आहे, ते गावच्या पुढाऱ्यांच्या सुधारणेची वाट पाहण्यात का घालवावे?" मुलाच्या बुद्धीला जेथे वाव मिळेल तेथे त्याने जावे, हे बापाने म्हणणे स्वाभाविक आहे. विद्येसाठी, धंद्यासाठी, एखाद्या ध्येयासाठी समुद्र ओलांडणाऱ्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे तारुण्यातच देशाबाहेर पडले, गदर चळवळीत वावरले, मेक्सिकोत शेतीशास्त्रज्ञ म्हणून नाव मिळविले, आणि उतारवयात परत येऊन १९६७ साली नागपुरास वारले. आम्ही हरकत घेतो ती जाण्यास नव्हे, तर जाण्याच्या समर्थनास. अधिक पगारासाठी जाता ना? मग तसे सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परंतु स्वतःच्या सोयीस देशाच्या अधोगतीचा पुरावा म्हणून उभे करू नका, आणि मागे राहिलेल्यांस मूर्ख ठरवू नका.

देश सोडावयास खरे कारण कोणास होते, ह्याचे एक उदाहरण आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात आहे. १९५४ साली, गोंदिया अजून भंडारा जिल्ह्यात होते तेव्हा, भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष, कोलंबिया आणि लंडन येथील पदव्यांचा धनी, आमच्या दारी मत मागावयास आला. आणि आम्ही त्याला पाडले. १९५२ साली मुंबईने पाडले होते, दोन वर्षांनी आम्ही पाडले. जन्मभर ज्या समाजाने पाणवठ्यावरून हाकलले, त्याच समाजाच्या मतदानाने असा निकाल दिल्यावर, "ह्या देशात राहण्यात अर्थ नाही" असे म्हणण्याचा हक्क कोणास असेल तर तो त्यांना होता. आणि जगातील कोणत्या विद्यापीठाने त्यांना आसन दिले नसते? ते गेले नाहीत. ज्यांना आपल्या नगरपालिकेने गटार वेळेवर उपसले नाही एवढेच दुःख आहे, त्यांनी देशत्यागाची भाषा बोलण्यापूर्वी हे वर्ष आठवावे.

आणि गटाराची गोष्ट निघालीच आहे, तर तलावांचीही काढू. ह्या जिल्ह्यास तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव बांधले कोहळी लोकांनी. नवेगावचा बांध कोलू पाटलाच्या नावाशी जोडलेला आहे. हे कोहळी मूळचे काशीकडचे, गोंड राजाने त्यांना इकडे आणले, अशी परंपरा सांगतात. म्हणजे तेही परमुलखातून आलेलेच; पण आले आणि त्यांनी पाणी अडविले. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली हे योग्यच झाले; परंतु तिच्याबरोबर गावाने आपली कुदळही सरकारच्या स्वाधीन केली. पाळ फुटली तर सरकारने बांधावी, गाळ साचला तर सरकारने काढावा, असे म्हणता म्हणता कित्येक मामा तलाव उथळ होत गेले. राजकारणाचेही आम्ही नेमके हेच केले. ग्रामसभा वर्षातून चारदा भरलीच पाहिजे असा कायदा आहे. तिच्यास जाणारे सुशिक्षित किती? माहितीचा अधिकार २००५ पासून हाती आहे; एक अर्ज कोणी लिहिला? उमेदवार ठरतात त्या बैठकांस आमच्या दिवाणखान्यातील एकही गृहस्थ नसतो, आणि नंतर उमेदवार नालायक निघाला म्हणून सुस्कारा मात्र सर्वांत मोठा त्याचाच. गाळ वर्षभर साचू द्यावयाचा आणि उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे गाव सोडावयाचे, ही रीत कोलू पाटलाला ठाऊक असती तर नवेगावला बांध झाला नसता.

२०२२ साली बिरशीच्या विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली, तेव्हा गोंदियात अनेकांना आनंद झाला, आणि तो योग्यच होता. त्या धावपट्टीवरून आमची मुले खुशाल जावोत. परंतु धावपट्टी एकाच दिशेची नसते, आणि जी मंडळी मुलांना निरोप देऊन विमानतळावरून घरी परततात, त्यांचे वय पन्नास-साठच असते; त्यांच्यापुढे अजून दोन-चार निवडणुका आणि पुष्कळ ग्रामसभा आहेत. मुलगा "सुटला" असेल; पण बाप अजून येथलाच नागरिक आहे. त्याने निदान उद्याच्या सभेस जाऊन पहिल्या रांगेत बसावे, आणि पुढाऱ्यास विचारावे की, चुकारे केव्हा देता?