गेड गोरा कशासाठी?

अर्सुला ले ग्विन यांच्या १९६८ सालच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ या कादंबरीतला जादूगार गेड तांबूस-सावळा आहे. डिसेंबर २००४ मध्ये सायफाय चॅनेलवर तिची मालिका आली आणि गेड झाला चक्क गोरा! खुद्द लेखिकेने जाहीर निषेध केला. “नट चांगला असला की झालं, रंगाचं काय एवढं?” असं आपल्यातलेच काहीजण म्हणतात. मला हे मुळीच पटत नाही. इथे अमेरिकेत वाढणाऱ्या आपल्या मुलांना स्वतःसारखा दिसणारा नायक क्वचितच भेटतो. भेटला, तोही हिरावून घेतला. पण ‘गोरी वधू पाहिजे’ म्हणणाऱ्या आपण तरी कोणत्या तोंडाने बोलावं? आधी तो हट्ट सोडू. मग मुलांच्या हाती मूळ पुस्तक देऊ.