तापट माणसाशी बोलायचं कसं?

मार्च-एप्रिलमध्ये नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांतली माणसं भल्या पहाटे मोहफुलं वेचायला निघतात. याच फुलांवर अस्वलाचाही जीव. त्याचं नाक तीक्ष्ण असतं, पण नजर अधू. खाण्यात गुंगलेलं असताना माणूस एकदम जवळ आला, की ते दचकून अंगावर येतं. म्हणून जाणती माणसं एकटी जात नाहीत, आपसात मोठ्यानं बोलत चालतात आणि अस्वल दिसलं तर त्याची वाट अडवत नाहीत. त्याचा स्वभाव बदलायच्या फंदात कोणी पडत नाही.

माणसाला जनावराच्या रांगेत बसवायचा आमचा हेतू नाही. पण घरातल्या तापट माणसाशी वागताना ही जंगलातली रीत आपल्याला उपयोगी पडते.

पहिली गोष्ट, आधी चाहूल द्यावी. अब्बा दमून घरात पाऊल टाकतात आणि आपण उंबऱ्यातच फीचा विषय काढतो. मग आवाज चढतात. त्याऐवजी "अब्बा, मगरिबनंतर फीबद्दल दहा मिनिटं बोलायचंय," एवढं सांगून ठेवलं, तर त्यांचंही मन तयार होतं.

दुसरी गोष्ट, वाट मोकळी ठेवावी. सासूबाईंनी पाहुण्यांसमोर सालनाला नावं ठेवली, तर तिथंच उत्तर दिल्यानं त्यांना माघार घेता येत नाही. पाहुणे गेल्यावर एकटीनं सांगावं, "अम्मी, सर्वांसमोर बोललात, मला वाईट वाटलं. पुढे काही चुकलं तर मला आत बोलावून सांगा." एकच प्रसंग, एकच विनंती. "तुम्ही नेहमीच असं करता," हे वाक्य मात्र गिळून टाकावं. आणि हीच तक्रार खालाला फोनवर रंगवून सांगितली, तर ती गीबत होते. घरातला गुंता तसाच राहतो.

आपलाच राग चढला, तर उभे असू त्यांनी बसावं, तरीही शमला नाही तर आडवं व्हावं, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. बसलेल्या माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, हे आजच करून पाहावं.

फिरऔनसारख्या जुलमी बादशहाकडे हजरत मूसा आणि हजरत हारून यांना पाठवतानाही नरमाईनं बोलण्याची आज्ञा होती, असं कुरआनच्या सूरह ताहामध्ये आहे. पण ते नरम शब्दांत बनी इस्राईलच्या सुटकेची मागणी करायलाच गेले होते. मागणी त्यांनी सोडली नाही. नरमाईचा अर्थ गप्प बसणं असा आपण लावतो, तिथं घोटाळा होतो.

आणि जिथं हात उचलला जातो, खर्चाला पैसे देणं बंद होतं, माहेरी बोलू दिलं जात नाही, तिथं सुनेला किंवा लेकीला "सबर कर" म्हणून परत पाठवू नये. जुलूम करणाऱ्या भावाला रोखणं हीच त्याची मदत, असं हदीसमध्ये आलं आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांसाठी आहे. महिला मदतवाहिनीचा 181 आणि तातडीच्या मदतीचा 112, हे दोन्ही क्रमांक घरातल्या प्रत्येक मुलीला पाठ असावेत.