बासष्टचा हिशेब
चिन्यांना हुसकावून लावण्याचे आदेश दिल्याचे पं. नेहरूंनी १२ ऑक्टोबर १९६२ रोजी पत्रकारांना सांगितले. आठच दिवसांत चीन चालून आला. कृष्ण मेनन यांना जावे लागले, यशवंतराव दिल्लीस गेले. पुढे हेंडरसन ब्रुक्स-भगत चौकशी झाली, पण ती सैन्यापुरतीच! निर्णय घेणारे राज्यकर्ते तिच्या कक्षेबाहेर राहिले आणि १९६३चा तो अहवालही काँग्रेसने दडपला. २०१४ साली आपल्या विचारांच्या सरकारनेही तो खुला करण्यास नकार दिला, हे खेदाने नमूद केले पाहिजे. अटलजींच्या सरकारने तर कारगिल समितीचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, २००० मध्ये संसदेपुढे ठेवला होता. शिंदखेड्याच्या शेतकऱ्याने मुलगा सैन्यात धाडावा, पण अपुऱ्या कपड्यांनिशी जवानांना हिमालयात कोणी लोटले, हे विचारू नये काय?