‘प्राचीन वैर’ नावाची पळवाट

बोस्नियाचा विषय निघाला की ‘सर्ब आणि त्यांच्या मुसलमान शेजाऱ्यांचे वैर शतकानुशतकांचे’ असे म्हणून अनेक जण मोकळे होतात आणि पुरावा म्हणून इवो आंद्रिच यांची ‘द्रिनेवरचा पूल’ (१९४५) ही कादंबरी पुढे करतात. या वाचनाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

विशेग्राडचा तो पूल बांधवणारा मेहमेद पाशा सोकोलोविच जन्माने ऑर्थोडॉक्स सर्ब. उस्मानी सत्तेने त्याला घरातून नेले, मुसलमान केले. पुढे तो साम्राज्याचा मुख्य वजीर झाला. १५५७ मध्ये पेचचे सर्बियन धर्मपीठ पुन्हा स्थापन झाले, तेव्हा त्यावर त्याचाच नातलग मकारिये बसला. मुलगा हिरावून नेणारी सत्ता क्रूर होतीच. पण ज्या घराण्यात वजीरही आहे आणि धर्मगुरूही, त्याच्या इतिहासाला नुसते ‘वैर’ हे नाव कसे पुरावे?

कादंबरीतला सुळावर चढवण्याचा प्रसंग सर्वांच्या लक्षात राहतो. महापुराच्या रात्री तिन्ही धर्मांचे लोक एका घरात आसरा घेतात, ते मात्र कुणी सांगत नाही.

१९९२ मध्ये त्याच पुलावर बोस्नियाक नागरिकांना मारून द्रिनेत फेकण्यात आले. हे शतकांनी केले नाही, माणसांनी केले. विशेग्राडमधील हत्यांबद्दल हेगच्या न्यायाधिकरणाने २००९ मध्ये दोघांना नावानिशी शिक्षा ठोठावली. ‘प्राचीन वैर’ म्हणणारा वाचक अशा गुन्हेगारांना इतिहासाच्या आडोशाला लपू देतो. कादंबरीचा असा वापर आम्हांला मान्य नाही.